सुंठीचं घर

मिस्त्रीनं आजवर इतकी घरं उभी केली होती की विचारू नका. राजवाडे केले, पोलीसठाणी केली, गरिबांच्या खोल्या केल्या, श्रीमंतांचे दिवाणखाने केले. त्यातल्या एकातही कुणी कधी राहिलं नव्हतं, कारण तो नाटकांचे सेट बांधायचा. संध्याकाळी घर उभं करायचं आणि प्रयोग संपला की तेच घर सुटं करून ट्रकमध्ये टाकायचं. याचं त्याला कधी काही वाटलं नाही. हल्ली तर त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

बायको गेली उन्हाळ्याच्या सुरुवातीला. तिला घरी आणलं तेव्हा मिस्त्री खुर्च्या मांडत होता. आल्यागेल्याला पाणी देत होता. लोकांची सारखी ये-जा चालली होती आणि दाराचं एक बिजागर कुरकुरत होतं, म्हणून त्यानं डबीतलं तेल आणून त्यात सोडलं. हे पाहून एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. "धक्का बसलाय," बाकीचे म्हणाले, "एकदा रडला की मोकळा होईल." सगळे वाट बघत राहिले. तोही बघत राहिला. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल आपला असून आपला नसतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं. फरक एवढाच, की हे इंजेक्शन उतरायचं नाव घेत नव्हतं.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा तिनं असं आंबट तोंड केलं होतं की नर्ससुद्धा हसली, आणि तेव्हापासून तिचं नाव लिंबू. बायकोची थोरली बहीण नवऱ्यासोबत शेजारच्या गावात औषधांचं दुकान चालवायची. खमकी बाई. ती म्हणाली, "भावोजी, तुमचे प्रयोग रात्रीचे. पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? चार दिवस मी नेते." ते चार दिवस काही संपले नाहीत. लिंबूचं नाव तिकडच्या शाळेत तात्पुरतं घातलं गेलं. मावशी वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. पोरीला वेळच्या वेळी गरम जेवण, इस्त्रीचे कपडे, झोपताना गोष्ट, सगळं मिळत होतं. पण बाई व्यवहाराची. वर्षअखेरच्या सुट्टीत तिनं लिंबूला बसमधून आणून सोडलं आणि दारातच सांगितलं, "सुट्टी संपली की न्यायला येते. तोवर ठरवा. इथे ठेवायची तर इथे, माझ्याकडे तर माझ्याकडे, पण नक्की ठरवा. पोरीला असं अधांतरी नाही ठेवायचं."

खरं तर मिस्त्रीचं ठरलेलं होतं. लिंबू बसमधून उतरली, पाठीवर दप्तर, हातात पिशवी, आधीपेक्षा बोटभर उंच झालेली. ती त्याच्याकडे चालत आली तेव्हा त्यानं मनात चाचपून पाहिलं. काही नव्हतं. परक्याची पोर बसमधून उतरावी आणि आपण तिची पिशवी घ्यावी, तेवढंच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या माणसाला काही वाटतच नाही त्यानं पोर सांभाळू नये, असा त्याचा सरळ हिशेब होता. लिंबूनं आपणहूनच मावशीकडे जायचं म्हटलं तर फारच उत्तम, सुंठीवाचून खोकला गेला.

लिंबूही पाहुण्यासारखीच वागत होती. पाणी दिलं की "थँक्यू" म्हणायची. जेवल्यावर ताट उचलून घासायची. दोघं एकमेकांशी इतकी सभ्यपणे वागत होती की त्रयस्थ माणसाला वाटलं असतं, ही लॉजवर उतरलेली मंडळी आहेत. एका सकाळी चहात बिस्किट बुडवता बुडवता तिनं विचारलं, "बाबा, या वर्षी घर करायचं का?"

दर सुट्टीत बायको सुंठीच्या बिस्किटांचं घर करायची. सुंठ, दालचिनी, लवंग, काकवी घालून पीठ मळायचं, लाटायचं, भिंती कापून भाजायच्या, साखरेच्या लेपानं जोडायच्या आणि वर गोळ्या-चॉकलेटं चिकटवायची. मिस्त्रीनं हे घर होताना कधी पाहिलं नव्हतं. सुट्टी म्हणजे बालनाट्यांचा हंगाम, तेव्हा त्याला मान वर करायला फुरसत नसायची. तो घरी यायचा तेव्हा छप्पर खाल्लेलं असायचं आणि त्याच्यासाठी एक भिंत झाकून ठेवलेली असायची. ती तो उभ्या उभ्या खायचा. या वर्षी त्यानं रजा घेतली होती, कारण नाटक कंपनीचा मॅनेजर म्हणाला होता की तुझं तोंड बघून पोरं घाबरतील.

"करू," मिस्त्री म्हणाला. "तुला येतं?"

"मला गोळ्या लावायला येतात."

"आणि पीठ?"

"ते आई करायची."

झालं. एकाला घर बांधता यायचं, दुसरीला ते सजवता यायचं, आणि मधलं सगळं जिला यायचं ती नव्हती. तिनं काही मोजून घातलेलं कुणाला आठवत नव्हतं. सगळा अंदाजपंचे कारभार. मिस्त्री बाजारात गेला आणि सामान घेऊन आला. पहिलं पीठ त्यानं लाकडाचा भुसा आणि सरस कालवतात तसं घट्ट कालवलं. ते भाजल्यावर अशी फरशी झाली की तिच्यावर चाकू चालेना. लिंबूनं तिचा एक कोपरा दाताखाली धरून पाहिला आणि हळूच बशीत ठेवला. दुसऱ्या वेळेला लोणी जास्त पडलं आणि सगळ्या भिंती ओव्हनमध्ये पसरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"कानासारखं व्हायला पाहिजे," लिंबू अचानक म्हणाली.

"काय?"

"पीठ. आई आधी पीठ दाबायची, मग माझ्या कानाची पाळी दाबायची. सारखं लागलं की झालं म्हणायची."

मिस्त्रीनं पिठाच्या हातानं आपल्या कानाची पाळी दाबून पाहिली. मग लिंबूची. तिची जास्त मऊ होती. त्यानं या खेपेला मैदा थोडा कमी घेतला, काकवीची धार सोडली, पुन्हा मळलं, पुन्हा दाबलं. आपण आपल्या पोरीचा कान धरून उभे आहोत, असं त्याच्या लक्षात आलं. शेवटचा हात तिला कधी लावला होता ते काही आठवलं नाही. त्याचंही त्याला काही वाटलं नाही. फक्त लक्षात आलं.

पीठ जमलं तसा त्याच्यातला कारागीर जागा झाला. पुठ्ठ्याचे साचे कापले, काटकोनाचा गुण्या लावून कोपरे तपासले, खिडकीची चौकट अशी कोरली की बघत राहावं. भिंतींच्या कडा थोड्या वेड्यावाकड्या भाजल्या गेल्या होत्या, तेव्हा त्यानं अवजारांच्या पेटीतून पॉलिशपेपर काढला.

"बाबा! हे खायचं आहे!"

"कोरा आहे."

"तरी!"

मग बारीक किसणीवर भागवलं. लिंबू एवढा वेळ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून गोळ्यांचे रंग वेगळे करत होती. तिला लाल छपराला हव्या होत्या आणि हिरव्या दाराला. पिवळ्यांबद्दल तिचं काही ठरत नव्हतं, म्हणून ती त्या अधूनमधून खात होती. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर फेटून लेप झाला. मिस्त्रीनं भिंती उभ्या केल्या, डब्यांचा आधार दिला, लेप सुकेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिला. मग छप्पर चढलं. लिंबूनं त्यावर एवढ्या गोळ्या लावल्या की नाकापेक्षा मोती जड. तरी घर हललं नाही. मिस्त्री चार पावलं मागे गेला, जिथून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसेल तिथे उभा राहिला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ठीक आहे."

लिंबू मात्र टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली. ती वाकून आत बघायला लागली.

"बाबा, हे काय आहे?"

"कुठे?"

"इथे मागे. या तिरक्या पट्ट्या."

"टेके आहेत. त्यांच्यावर तर उभं आहे."

"आणि मागची भिंत?"

मिस्त्री पलीकडे गेला. मागची भिंत नव्हती. पुढची होती, दोन बाजूंच्या होत्या, छप्पर होतं, आणि मागे सगळं उघडं. आतून दोन तिरके बिस्किटाचे टेके छपराला तोलून धरत होते. त्यानं ते मन लावून कापले होते, भाजले होते, बेतानं बसवले होते. नाटकात घराला मागची भिंत नसतेच. प्रेक्षकाला जे दिसत नाही त्यावर कुणी लाकूड खर्च करत नाही, आणि मागून नटांना आत-बाहेर करायला वाट लागते. इतक्या वर्षांत त्यानं असंच घर बांधलं होतं, आणि हेही तसंच बांधलं. भिंत राहिली हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

लिंबू हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग खाली बसून. "टेके!" असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. शेवटी तिला उचकी लागली. मिस्त्रीनं पाणी आणून दिलं. या वेळेला ती थँक्यू म्हणाली नाही.

"पीठ उरलंय," तो म्हणाला. "आत्ता करतो भिंत. काय वेळ लागतो."

"नको."

"का?"

"असंच छान आहे. मला आत बघता येतं. आईच्या घरात आत अंधार असायचा."

उरलेलं पीठ त्यानं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिनं मागच्या बाजूनं खुर्ची ओढली होती आणि ती तिथेच बसायची. आत बाटलीच्या झाकणाचा पलंग केला, काड्यापेटीचं कपाट केलं. वाचायचं पुस्तकही तिथेच घेऊन बसायची. मिस्त्रीला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून तो पुढच्या बाजूला बसायचा. मधे ते घर. त्याला छपरावरून तिचे केस दिसायचे आणि खिडकीतून नाकाचा तुकडा. चहा व्हायचा, दूध व्हायचं, भांडी व्हायची, आणि दोघं येऊन आपापल्या जागी बसायची. बोलणं असं फार नव्हतंच. सुट्टी संपत आली. मावशीला सांगायचं वाक्य मिस्त्रीनं तयार ठेवलं होतं: ताई, तुमच्याकडेच राहू दे, तिचं भलं तिथेच आहे. छोटं वाक्य होतं, चुकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मावशी यायची त्या दिवशी लिंबूनं स्वतःची पिशवी स्वतः भरली, दाराशी नेऊन ठेवली आणि टेबलाशी बिस्किटांच्या घरामागे येऊन बसली. मिस्त्रीही बसला.

"बाबा," खिडकीतून आवाज आला.

"हं."

"तू रडलास का?"

"केव्हा?"

"आई गेली तेव्हा. नाहीतर नंतर."

खोटं बोलायलाही माणसाला थोडी उमेद लागते. ती त्याच्याकडे नव्हती. "नाही," तो म्हणाला.

"अजिबात?"

"आलंच नाही."

पलीकडून काड्यापेटी सरकवल्याचा आवाज आला.

"मला पण नाही आलं," लिंबू म्हणाली. "मावशीला खूप येतं. फोटो बघितला की येतं, भाजी चिरताना पण येतं. मग ती मला जवळ घेते आणि म्हणते, रड गं बाळा, मोकळी हो. मी नाही रडले तर तिला काळजी वाटते. काकांना सांगत होती, पोरगी दगड झालीय, कुणालातरी दाखवायला हवं."

"मग?"

"मग मी बाथरूममध्ये जाते आणि डोळ्यांना पाणी लावते. खूप नाही लावायचं, ते ओघळतं आणि कळतं. फक्त पापण्यांना लावायचं. आणि नाक चोळायचं, म्हणजे लाल होतं."

"आणि मग?"

"मग मावशीला बरं वाटतं."

मिस्त्री खिडकीकडे बघत बसला. पलीकडे नाकाचा तुकडा होता, नेहमीसारखा. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडात आलं ते धंद्यातलंच आलं. "आमच्याकडे ग्लिसरीन लावतात," तो म्हणाला.

"ते काय असतं?"

"औषधासारखं असतं. चिकट. पाण्यासारखं लगेच सुकत नाही."

"मावशीच्या दुकानात असेल?"

"असेल."

"मग बरं होईल," लिंबू म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. लिंबू खुर्चीवरून उतरली. ती दाराकडे गेली नाही. ती बाथरूमकडे निघाली, घाईघाईनं, एक हात आधीच नाकावर.

आणि मिस्त्रीला भीती वाटली. साधी, खरी भीती. ही आता आत जाईल, पापण्या ओल्या करून येईल आणि बसमध्ये बसेल. उद्याही हेच करील, परवाही करील, आणि करता करता मोठी होईल. लोक म्हणतील, किती हळवी आहे पोरगी. तिला आत खरंच काही होतंय की नाही, हे मग कुणाला कधी कळायचंच नाही, तिलासुद्धा नाही. इतक्या महिन्यांत त्याला वाटलेली ही पहिली गोष्ट होती. वाटली तीही असली.

"लिंबू," तो म्हणाला. "इकडे ये. बस."

"मावशी आली ना."

"येऊ दे. कोरडीच बस."

ती थांबली. बाबा चेष्टा करतोय का, ते तिनं बघून घेतलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसली. मिस्त्रीनं दार उघडलं.

मावशी बोलत बोलतच आत आली, बस कशी भरली होती, खिडकी कशी मिळाली नाही, आणि टेबलावरचं घर दिसताच तिचं बोलणं तुटलं. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि पहिली खुर्ची दिसली तिच्यावर बसली. तिला रडू आवरेना. मिस्त्रीनं तिला पाणी दिलं. बापलेक समोर बसून तिच्याकडे बघत होती, कोरड्या डोळ्यांनी, आणि दोघांनाही तिचा राग नव्हता.

"केलंत तुम्ही," मावशी नाक पुसत म्हणाली. "तिच्याशिवाय केलंत. मला वाटलं नव्हतं." मग लिंबूकडे वळून म्हणाली, "काय गं बाळा? आईची आठवण नाही आली?"

"आली," लिंबू म्हणाली. तिनं बाबाकडे पाहिलं. हात नाकाकडे गेला आणि परत खाली आला.

मावशीनं मोठा श्वास घेतला. "बरं. काय ठरवलंत, भावोजी?"

तयार केलेलं वाक्य होतं तिथेच होतं. "ती इथे राहील," मिस्त्री म्हणाला.

"इथे? आणि तुमचे प्रयोग?"

"प्रयोग सोडतो. वर्कशॉपात दिवसाचं काम मागतो. मॅनेजर देईल, नाही दिलं तर दुसरीकडे बघेन."

"ते होईल हो. कामाचं मी म्हणतच नाही." मावशीनं पदर मुठीत धरला. ती स्पष्ट बोलणारी होती, पण आज तिलाही ते जड गेलं. "राग मानू नका. माझी बहीण गेली आणि तुमच्या डोळ्यांत मी एक थेंब पाहिला नाही. तुम्ही दारात तेल घालत होतात. अशा माणसाकडे मी पोर कशी ठेवू? तिला माया लागते, भावोजी. तिला रडायला कुणीतरी लागतं."

"मला रडू येत नाही," मिस्त्री म्हणाला. "खरंच येत नाही, ताई. काय करू? पण तिलाही येत नाही. तुमच्याकडे तिला ते आणावं लागतं. इथे नाही लागणार."

"आणावं लागतं म्हणजे?"

मिस्त्रीनं तोंडात मिठाची गुळणी धरली, कारण पुढचं सांगणं त्याचं काम नव्हतं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग लिंबूकडे. लिंबू मान खाली घालून काड्यापेटी उघडत होती, मिटत होती. बाथरूमचं दार, लाल नाक, ओल्या पापण्या, एवढे महिने. औषधांच्या दुकानात रोज माणसांचे चेहरे बघणारी बाई ती. तिला उमगायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा एकदम उतरला आणि ती कधी नव्हे एवढी म्हातारी दिसली.

लिंबूला ते बघवेना. ती घरामागून उठली आणि मावशीजवळ येऊन उभी राहिली.

"रोज नव्हते लावत पाणी, मावशी," ती समजूत घालत म्हणाली. "आधी मी थांबून बघायचे. खरंच येतंय का ते. खूप वेळ थांबायचे."

मावशीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. मग उठून दाराशी भरून ठेवलेली पिशवी तिनं आत आणून ठेवली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं लिंबूला रड म्हटलं नाही.